मधला बोर्ड

आमची आत्या यंत्रांच्या पोटातले छोटे कॉम्प्युटर दुरुस्त करते. तळहाताएवढे बोर्ड एकावर एक रचलेले असतात. वरच्याच्या पिना खालच्याच्या खाचांत बसतात आणि निरोप खालीवर जातात. मधल्याला खाली पिना आणि वर खाचा, दोन्ही लागतात.

घरी हे मधल्याचं काम ती फुकटात करायची. आजोबा आणि बाबांनी मी शाळेत असतानाच एकमेकांशी बोलणं टाकलं. का, ते आता त्यांनाही धड सांगता येणार नाही. जेवायला मात्र एकाच टेबलावर. आजोबा म्हणायचे, "त्याला सांग, नळ गळतोय." बाबा म्हणायचे, "त्यांना सांग, प्लंबर येतोय." दोघांनाही स्वच्छ ऐकू यायचं, तरी आत्याने पुन्हा म्हटल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचंच नाही. मला हसू यायचं. आत्याला कधी आलेलं आठवत नाही.

त्या संध्याकाळी ती पार गळून आली. साहेबांनी मधल्या जागेसाठी नवा बोर्ड मागवला होता. स्क्रूची भोकं जुळत होती, खाली पिनाही होत्या, पण वर खाचाच नव्हत्या. तसला बोर्ड फक्त सगळ्यात वर चालतो, आणि वर आधीच तसाच एक होता.

"साहेब म्हणतात, बसतोय ना, मग चालव," आत्या म्हणाली. "नुसतं बसून काय उपयोग? वरच्याचं खालच्याला कळणार कसं?"

"त्याला सांग, पाण्याचा जग इकडे दे," आजोबा म्हणाले.

आत्याने हातातला घास ताटात ठेवला. "मी दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागितली आहे. तिथे खोलीही मिळतेय. मी थकले रे दादा."

जग बाबांच्या कोपराशी तसाच राहिला. थोड्या वेळाने आजोबा माझ्याकडे वळले. "तिला सांग, नीट विचार कर म्हणावं."

ती समोरच बसली होती! माझं डोकंच फिरलं. "मी नाही सांगणार," मी म्हटलं.

आत्या गेली त्या दिवशी तिची खुर्ची कुणी हलवली नाही. आजोबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी ताटातून मान वर केली नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"पोचली का रे ती?"

बाबांचा हात थांबला. "पोचली. तुम्ही जेवा."

मी आत्याला फोन करून सांगितलं. मला वाटलं, तिला आनंद होईल.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते गं?" ती म्हणाली.