फुगेमास्तरांची झाकलेली ओळ

कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे फुगेमास्तर म्हणत. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक खेळ केला होता. मुलाने माइकसमोर ‘पा’ म्हणायचं, की पडद्यावरचा फुगा फुगायचा. फुगा किती फुगला ते पाहून उच्चार शिकवणाऱ्या बाई मुलाची प्रगती लिहीत. या बाई मास्तरांच्याच पत्नी.

खेळ चालायला ब्राउझरला एका कंपनीचं प्लगइन जोडावं लागे. त्याच्या आत काय चाललंय, हे कुणाच्या बापाला कळत नसे. मास्तरांची भाची वेबसाइटी बनवायची. ती सांगून थकली, “मामा, खुल्या मानकांवर लिहा, ती कुणा एका कंपनीची नसतात. कुणाच्या मेहेरबानीवर राहायला नको.” मास्तर म्हणायचे, “साध्या वेबपानात कुठला फुगा फुगतोय!” पुढे ब्राउझरांनी प्लगइनला नारळ दिला. मास्तरांनी एक जुना संगणक नेटची वायर काढून, अपडेट न करता जपला. एका सकाळी तोही गचकला.

वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती. फुग्यासमोर नुकतीच कुठे ओठ हलवू लागली होती. फुगा गेला आणि तिने तोंडच मिटलं. मास्तर नाक मुठीत धरून भाचीकडे गेले.

“दोन दिवसांत देते. कुठल्याही ब्राउझरमध्ये चालेल. फक्त किती आवाजाला किती फुगा, ते सांगा.”

मास्तर घुटमळले. “आवाज नाही आला तरी थोडा फुगव.”

“म्हणजे?”

“नाहीतर पोरं हिरमुसतात गं.”

“बरं. पण आता सगळं उघडं असतं हं. राइट-क्लिक केलं की प्रोग्राममधली ही ओळ मामीलासुद्धा वाचता येईल.”

बावीस वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची होती. मास्तरांनी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच बायकोला सांगून टाकलं. वाचून कळण्यापेक्षा ते बरं.

“अहो, म्हणजे मी जिला प्रगती म्हणत होते, ती तुमची दया होती?”

मास्तर वाकून चपलेचा अंगठा सोडवू लागले.

“ती ओळ काढायला सांगा.”

नवा फुगा आला. मुलीने सवयीप्रमाणे नुसते ओठ हलवले. फुगा ढिम्म. तिने माइकला टिचकी मारली, मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा ओठ, पुन्हा ढिम्म. मग पोरगी भडकली आणि तिने असा ‘पा’ ठोकला, की बाहेरचा शिपाई दारात डोकावला. फुग्याने पडदा भरून गेला.

बाईंनी तिला उचलूनच घेतलं. मास्तर मात्र खिडकीपाशीच राहिले. नुसते ओठ हलवून, शाबासकी घेऊन शाळेतून बाहेर पडलेली पोरं एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती.