झेरॉक्सताईचं पेडल

झेरॉक्सताई हे नाव तिला सख्ख्या दादानेच ठेवलं, तेही भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. दुसरी एखादी रुसून घरी बसली असती. हिने दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रत्येक पेडलच्या पाठीवर ठळक अक्षरांत तेच नाव रंगवून टाकलं. दादाला म्हणाली, "घे, तुझे चिडवायचे कष्ट वाचले."

ही ओव्हरड्राइव्ह पेडलं म्हणजे गिटारवाल्याच्या पायाखालचे धातूचे डबे. पायाने दाबलं की तारेचा गुळगुळीत आवाज जरासा फाटतो, गुरगुरायला लागतो. फार वर्षांपूर्वी कुणा एका कारागिराने अशी मोजकीच पेडलं बनवली आणि आपली युक्ती कुणी चोरू नये म्हणून आतल्या जोडणीवर डांबरासारखा काळा राळेचा थर ओतून ठेवला. झालं! जे दिसत नाही त्याचे गोडवे गायला माणसाला काय लागतं? आत म्हणे डायोड नावाचा, आता कुठेच न मिळणारा एक इवलासा भाग आहे आणि सगळी जादू त्यातच आहे. गिटारवाले हे एकमेकांना शपथेवर सांगतात. तो डायोड पाहिलेला मात्र एकही भेटत नाही.

झेरॉक्सताईने पाहिला होता. कानाच्या मशिनांच्या कारखान्यात, नखाएवढ्या भागांना सोल्डर लावण्यात तिने बावीस वर्षं डोळे शिणवले होते. एक मेलेलं जुनं पेडल हाती लागलं तेव्हा त्यावरचा काळा थर तिने गरम हवा आणि दाभण घेऊन तीन आठवडे खरवडला. आत निघाले ते कुठल्याही जुन्या रेडिओत असतात तसले भाग. मग स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिने तसंच पेडल बनवलं. अगदी तसंच मात्र नाही. जुन्या पेडलवर गिटारची जाड तार पोकळ वाजायची, ते तिच्या कानाला खुपायचं. कपॅसिटर नावाचा एक बारीकसा भाग बदलून तिने ती तार भरीव केली.

दादाच्या लेखी ही सगळी नक्कल, म्हणजे चोरीच; म्हणून तर ते झेरॉक्सचं नाव. त्याच्या वाद्यांच्या दुकानात, काचेच्या कपाटात, तसलं एक अस्सल जुनं पेडल होतं आणि त्याच्यावर त्याचा भारी जीव. बहिणीची पेडलंही तो विकायचा, पण काउंटरखालून आणि नाक मुरडून.

एक नावाजलेला गिटारवादक ते जुनं पेडल घ्यायला येणार असं ठरलं, आणि आदल्याच दिवशी ते बंद पडलं. दादा धापा टाकत बहिणीकडे आला.

"थर खरवडला तर ते कुणी घेणार नाही. तुझी जोडणी या डब्यात बसव आणि वरून राळ ओत. कुणाला कळतंय?"

"चोरी म्हणणारा तूच ना?"

"अगं, तुझ्याच कामाचा मान आहे हा."

"नाव पुसून कसला मान? नीघ इथून."

दुसऱ्या दिवशी राग जरा निवळला, तशी ती दुकानाकडे गेली. दारातच थबकली. आत गिटार वाजत होती आणि जाड तार चांगली भरीव वाजत होती. तिच्या मस्तकात सणक गेली. काउंटरखाली तिची पेडलं होतीच. राळ ओतायला बहीण कशाला लागते!

गिटारवादकाचे डोळे मिटलेले होते. "हाच तो आवाज," तो म्हणाला. "ही जाड तार ऐका. आत्ताच्या पेडलांत हा भरीवपणा कुठाय? हे त्या जुन्या लोकांनाच जमायचं."

उभ्या आयुष्यात तिच्या कामाला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. गप्प राहावं, असं तिला क्षणभर वाटलंही, खोटं कशाला सांगा. काउंटरमागून दादा नुसत्या डोळ्यांनी हातापाया पडत होता.

"जुन्या लोकांना ते जमलं नव्हतं," ती म्हणाली. "मला जमलं. आतलं काम माझं आहे."

गिटारवादक हसला. "ताई, तीस वर्षं वाजवतोय. मला कान आहेत." मग त्याने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"बुडवलंस मला," दादा पुटपुटला.

"तुझा तू बुडलास. मी माझं तेवढं परत घेतलं."

गिटारवादकाने पुन्हा ती जाड तार छेडली, मान तिरकी करून ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "तरीच! काहीतरी कमी आहे असं मघापासून वाटतच होतं."

ताईने काउंटरजवळची खुर्ची ओढली आणि त्याच्या पुढ्यात ठाण मांडलं.

"मघाशी डोळे मिटले होते ना? मिटा परत आणि वाजवा. काय कमी आहे ते मला ऐकवा. त्याशिवाय मी इथून हलत नाही."

त्याने जाड तारेची खुंटी पिळायला घेतली; तार मुळातच सुरात होती.