शुभामावशींचा उपाशी प्लॉट

इथे परदेशात चार मराठी माणसं आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमली की विषय फिरूनफिरून शुभामावशींवर येतोच. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. मावशी मूळच्या नागपूरच्या, जंगलाच्या मातीच्या शास्त्रज्ञ. डग्लस फरच्या झाडांना युरिया घातला तर कुठल्या मातीत ती वाढतात आणि कुठे ढिम्म राहतात, यात त्यांचं आयुष्य गेलं. आम्ही बॉथेल-रेडमंडची सॉफ्टवेअरवाली मंडळी वीकेंडला त्यांच्यासोबत युरिया टाकायला, झाडांचे घेर मोजायला जातो.

* * *

माझा पहिलाच शनिवार. लख्ख ऊन पडलेलं. आणि मावशींचा फोन, आजची ट्रिप कॅन्सल. कारण काय, तर ऊन! उन्हात युरियातला नायट्रोजन हवेत उडून जातो म्हणे, पावसात मातीत मुरतो. पुढच्या शनिवारी धो धो पाऊस, म्हणून मी खुशाल लोळत पडलेलो. दारात मावशींची गाडी हजर.

"चल रे, काय सुंदर हवा आहे!"

* * *

एका टिंबर कंपनीच्या मॅनेजरला अख्ख्या टेकडीवर हेलिकॉप्टरने युरिया टाकायचा होता. मावशींनी मूठभर माती उकरली, बोटांत चोळली, आजूबाजूची ऑल्डरची झाडं बघितली आणि नको म्हणाल्या. ऑल्डरची मुळं आपल्या तूर-हरभऱ्यासारखी नायट्रोजन जमवतात. जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर कशाला बसवायचं?

पठ्ठ्याने तरी अर्ध्या टेकडीवर टाकलाच. काही वर्षांनी दोन्ही अर्ध्या भागांतली झाडं सारखीच! आता तो घरच्या लॉनलासुद्धा मावशींना विचारल्याशिवाय काही घालत नाही.

* * *

आणि हा जोशीकाकांचा. काका रिटायर्ड डॉक्टर, लोण्याहून मऊ माणूस. एका खडकाळ उतारावर मावशींचे दोन प्लॉट होते. एकाला युरिया दिलेला, दुसऱ्याला कधीच काही नाही. तो आमचा 'उपाशी प्लॉट'. युरियाचा फायदा तिथे किती टिकतो, हे दोन्हींची तुलना करून ठरणार होतं. मावशींच्या रिटायरमेंटआधीचं ते शेवटचं माप.

गेलो, तर उपाशी प्लॉट हिरवागार!

काका खुशीत म्हणाले, मंडळाच्या गणपतीच्या निर्माल्याचं खत मीच आणून घातलं. बिचारी झाडं किती पिवळी पडली होती.

मी हळूच सुचवलं, मावशी, माप तसंच लिहून टाकू ना, कोणाला कळणार आहे?

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांची मेहनत त्यांनी तिथल्या तिथे रद्द केली. काकांचे डोळे भरून आले. मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "डॉक्टर, झाडं तर खूश आहेत ना?" निरोपाच्या समारंभात बॉसने त्या उताराचं उत्तर विचारलं, तर माइकवर सरळ सांगितलं, माहीत नाही. मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

रिटायर झाल्यावर पहिल्याच शनिवारी मावशी काकांना आणि मला घेऊन त्याच उतारावर. नवा उपाशी प्लॉट आखायला! मी विचारलं, याचं उत्तर कधी मिळेल?

"मला नाही मिळायचं. तू टेपचं ते टोक नीट धर, तुला मिळेल."