मामांचे एकशे त्रेपन्न मासे

आमच्या हिच्या मामांइतका सात या आकड्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि एका जिल्ह्याला असा एक पुरे होतो. आमच्या चर्चमधली बाकीची माणसे देवावर भरवसा ठेवतात, काहीजण देवाच्या जोडीला पेन्शनवरही ठेवतात. मामा देवावर भरवसा ठेवतात तो सातच्या मार्गाने. बायबलातला नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्या ग्रीक मजकुरात देवाने जागोजागी सातच्या पटी लपवून ठेवल्या आहेत, असे त्यांचे ठाम मत. कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. परदेशात कोणी कोणी याच मोजणीत म्हातारे झाले, हे तेच सांगतात. पण त्या लोकांच्या आकड्यांवर मामा विसंबत नाहीत. "दुसऱ्यानं मोजलेलं आपन पास करत न्हाई, जावईबापू," असे म्हणून त्यांनी सगळे पहिल्यापासून स्वतः मोजायला घेतले. जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हाही लोक काय काय बोलत होते, पण मामा भिंगारच्या आपल्या ओट्यावर बसून बोटांवर मोजत होते. जुन्या नावात सात अक्षरे होती, नव्यात सहाच भरली. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हते. तिसऱ्या दिवशी मला फोन आला : "ल्यामधी दोन अक्षरं हायेत! झाली सात. सांगा बेबीला." बेबी म्हणजे आमची ही. तिने ऐकले, आणि भाकरी उलटली.

मामा मूळचे मिरजगावचे, पण नोकरी सगळी नागापूरच्या एमआयडीसीत झाली. एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचे, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर कंपनीने घड्याळ दिले आणि माप काढून घेतले, पण ते दोन शब्द त्यांच्याकडेच राहिले. चहा पास होतो, प्रवचन रिजेक्ट होते. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. त्यांनी मला कपाळापासून चपलेपर्यंत न्याहाळले आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना माझ्यादेखतच सांगितले, "पास हाय. पन कडा घासाव्या लागतील." मी शाळेत कारकून, स्वभावाने आधीच अपराधी. शेजाऱ्याची काच फुटली तरी दगड आपलाच असावा असे मला वाटते. त्यामुळे कडांचे ते वाक्य मी आजवर खाली ठेवू शकलेलो नाही.

ग्रीक शिकायला त्यांना वेळ लागला नाही, कारण ते ग्रीक शिकलेच नाहीत. अक्षरे त्यांना कारखान्यापासूनच ओळखीची होती. ड्रॉइंगवर व्यासाला फाय, कोनाला थीटा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला म्यू. हीच मंडळी शुभवर्तमानात भेटल्यावर त्यांना शाळासोबती भेटल्याचा आनंद झाला. "फाय इथं पन हाय!" असे ते पहिल्या दिवशी ओरडले होते. शब्दांचा अर्थ मात्र त्यांनी कधी विचारला नाही. मी एकदा म्हटले, "मामा, निदान काय लिहिलंय ते तरी कळायला पाहिजे." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "अर्थ मराठीत हायच की. ग्रीक मोजायला." मोजायची त्यांची रीत अशी : चटई अंथरायची, मांडीवर ग्रीक पाने घ्यायची, आणि एका शब्दाला एक चिंचोका ठेवायचा. सात झाले की एक ढीग. ढीग करता करता मामा चटईच्या टोकाला पोचत, तेव्हा त्यांना भेटायला आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच उभे राहावे लागे. गुदगुल्या झाल्या तरी हलायचे नाही, शिंकायचे तर तोंड रस्त्याकडे करून.

बाजारातही तेच. भिंगारच्या बाजारात एक केळीवाली आहे, तिला मामांनी पहिल्यांदा सात केळी मागितली तेव्हा ती म्हणाली, "सात केळी कुनी घेतंय व्हय? डझन घ्या, न्हाई तर सहा घ्या."

"सातच पायजेत."

"बरं बाबा, सहाचं पैसं द्या, एक माझ्याकडनं. पन रोज न्हाई हां. लई शहाने दिसताय तुमी."

मामांनी यात देवाचा हात पाहिला. केळीवालीने काय पाहिले ते मला माहीत नाही, पण सातवे केळे ती अजून देते.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने लहान आहेत. धर्मशिक्षण घेऊन नुकतेच आले आहेत, आणि ग्रीक खरोखर वाचतात. त्यांना बोलताना 'म्हणजे' म्हणायची सवय आहे. मामा पुढच्या बाकावर बसून ते 'म्हणजे' मोजतात. एका रविवारी उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना मामा गंभीरपणे म्हणाले, "पाळकसाहेब, आज एकेचाळीस. एक आजून म्हटला असता तर प्रवचन पास होतं." पाळक हसले. "पुढच्या रविवारी आठवणीने म्हणतो, मामा. म्हणजे..." "हां, झाले बेचाळीस," मामा म्हणाले आणि समाधानाने चपला शोधू लागले.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की म्हाताऱ्याला वेळ जात नाही. मलाही तसेच वाटायचे. पण मोजणी सुरू झाली ती मामी गेल्यानंतर, हे मला फार उशिरा लक्षात आले. साथीच्या त्या दिवसांत मामा एका दवाखान्यात होते आणि मामी दुसऱ्या. मामी गेल्या ते त्यांना चार दिवसांनी कळले. पुरताना घरचे कोणी नव्हते. त्या काळात वर्तमानपत्रात रोज आकडे यायचे, आज इतके गेले, काल इतके. मामांनी बरे होऊन आल्यावर ते जुने अंक मागवले आणि मला एकच प्रश्न विचारला, "जावईबापू, ती कोनत्या दिवसाच्या आकड्यात हाय?" मी दोन कार्यालयांत जाऊन आलो. कोणाला सांगता आले नाही. एका माणसाने तर सगळेच आकड्यांत आले असतील याची खात्री नाही, असे भल्या मनाने सांगितले. मी ते मामांना सांगितले नाही, पण माझा चेहरा कोणालाही वाचता येतो. त्यानंतर काही महिन्यांनी चिंचोके आले. "ज्यानं शब्दन् शब्द मोजून ठिवलाय," ते एकदा ढिगावरून नजर न काढता म्हणाले, "त्याच्या मोजनीतनं मानूस कसं सुटंल?" म्हणजे सातने भाग गेला तर मामी कुठेतरी नीट नोंदलेल्या होत्या, आणि नाही गेला तर त्या कागदावरच्या लोकांसारख्याच हरवल्या होत्या. इतका भार त्या चिंचोक्यांवर होता.

गेल्या वर्षी ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायाशी आले. पुन्हा जिवंत झालेला येशू समुद्रकिनारी उभा आहे, शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतताहेत, आणि त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकल्यावर मासेच मासे लागतात, तो अध्याय. अध्याय एकविसावा, म्हणजे तीन साते. होडीतले शिष्य सात. आणि मामांनी सगळे ग्रीक शब्द मोजले तर ते सातच्या पटीत भरले. त्यांनी तीनदा मोजून पाहिले, तीनदा भरले. ऐकेनात ते फक्त मासे. शास्त्रात एकशे त्रेपन्न म्हटले आहे, आणि एकशे त्रेपन्नाला सातने भाग जात नाही. एक मासा कमी पडतो. ही गोष्ट चर्चमध्ये पसरली आणि लोकांनी मामांना सोडले नाही. "मामा, मी नगरहून एक मासा आनून टाकू का जाळ्यात?" असे कोणीतरी रस्त्यात ओरडायचे. मामा म्हणायचे, "ताजा आन."

उपकारस्तुतीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातले, परसातले जे असेल ते देवापुढे आणून ठेवतात. बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. पाळकांनी त्या दिवशी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, मामांना बोलावले. पाच मिनिटे म्हणाले, मामांनी घासाघीस करून सात घेतली. शब्दांची मोजणी ते सगळ्यांसमोर मांडणार होते. मामांची दाढी त्या आठवड्यात रोज केलेली होती.

पाळकांना ती ग्रीक पाने पडद्यावर दाखवायची होती, म्हणून त्यांनी मामांची प्रत मागून घेतली. ती झेरॉक्स होती. कोण्या वयस्क पाळकांचे पुस्तक दोन दिवस मागून आणून भिंगारच्या दुकानात काढलेली. बुधवारी पाळकांनी मला बाजूला घेतले. पुस्तकाचे पान लांब होते आणि झेरॉक्सचा कागद आखूड. प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापली गेली होती. ज्याला ग्रीक वाचता येते त्याला पहिल्याच पानावर वाक्य तुटलेले दिसले असते. मामा वाचत नव्हते, मोजत होते. ते सातने भागलेले शब्द योहानाचे नव्हते, झेरॉक्सवाल्याचे होते.

"तुम्ही सांगा," पाळक म्हणाले. "तुम्ही घरचे आहात. म्हणजे, माझ्याकडून त्यांना ते..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

गुरुवारी मी हिने दिलेला डबा घेऊन गेलो आणि हवापाण्याविषयी बोलून परत आलो. शुक्रवारी पुन्हा गेलो. मामांनी विचारले, "पोट बिघडलंय का? चेहरा असा का?" मी हो म्हटले, आणि त्यांनी मला ओवा खायला लावला. ओवा चावत मी घरी आलो. हिने विचारले, "सांगितलंत?" मी नकाराची मान हलवली. ती म्हणाली, "उद्या नाही सांगितलंत तर परवा सगळ्या लोकांसमोर त्यांना खोटं बोलायला लावाल. नकळत बोलतील, पण खोटंच." शनिवारी सकाळी मी शाळेत बसून तो अध्याय पुन्हा वाचला. माझ्या मनाला काहीतरी हवे होते. रिकाम्या हाताने कोणाचे काही काढून घ्यायला मी जाऊ शकत नाही. आणि वाचता वाचता मला ते दिसले. शिष्य किनाऱ्याला लागले तेव्हा तिथे आधीच विस्तव पेटलेला होता आणि त्यावर मासा भाजत होता. जाळ्यातला नव्हे, वेगळा. मी पाळकांना फोन केला. त्यांनी आपले पुस्तक उघडून पाहिले आणि म्हणाले, "एकच आहे, हो! एकच मासा." एकशे त्रेपन्न आणि एक. सातने भाग जातो, बाकी काही उरत नाही.

दुपारी मी पाळकांचे पुस्तक काखेत मारून भिंगारला गेलो आणि एका दमात सगळे सांगितले. मामांनी भिंग काढले. झेरॉक्सचे पान आणि पुस्तकाचे पान शेजारी ठेवून खालची ओळ पाहिली, मग दुसऱ्या पानाची, मग तिसऱ्या. सगळी पाने पाहिली. मग भिंग मिटवून म्हणाले, "रिजेक्ट."

मी घाईघाईने त्यांना विस्तवावरचा मासा सांगितला. मी इतका घाबरलो होतो की एकशे चोपन्नाचा भागाकार त्यांच्या चटईवर बोटाने करून दाखवला. हिने दिलेला डबा तसाच राहिला.

रविवारी ते येणार नाहीत असे मला वाटले होते, पण आले. उपासनेत त्यांचे नाव पुकारले तेव्हा बाहेर बांधलेल्या कोंबड्या ओरडत होत्या आणि मागच्या बाकांना लिलावाची घाई झाली होती. मामा पुढे गेले. म्हणाले, "मी मोजलं हुतं, ते चुकलं. झेरॉक्सनं ओळी खाल्ल्या, आन् मी न वाचता पास केलं." लोक हसले. मामाही थोडे हसले. मग त्यांनी मासा सांगितला, माझे नाव घेऊन. पाळकांना राहवले नाही. ते जागेवरूनच म्हणाले, "म्हणजे भाग गेला, मामा!"

"गेला," मामा म्हणाले. "पन तो मासा मी धरनार न्हाई."

बाहेर कोंबड्या ओरडतच होत्या.

"तो मोजायचा न्हाई. ती मानसं रातभर पान्यात हुती. त्यांनी काय आनलं, किती आनलं, हे इचारायच्या आधी त्यानं चूल पेटवली हुती. मी तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचो, तवा आमच्या घरी पन चूल पेटलेली असायची. एक दिवस सुदिक तिनं इचारलं न्हाई, किती नग झाले म्हनून. आदी ताट." कागद नसलेला आपला हात त्यांनी उगाच पाहिला. "ती कोनत्या आकड्यात हाय, मला म्हाईत न्हाई. म्हाईत हुनार पन न्हाई. पन ती जिथं हाय तिथं तिला कुनीतरी आदी बसवून खाऊ घातलं आसंल. येवढंच मला म्हनायचंय." सातपैकी तीनच मिनिटे झाली होती. ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी रुमाल माझ्याकडे दिला. त्यांना वाटले मला लागेल, आणि ते बरोबर होते.

आता दर मंगळवारी संध्याकाळी पाळक भिंगारला जातात आणि मामांना ग्रीक शिकवतात, या वेळी अर्थासकट. प्रगती फार हळू आहे. मामांना सगळे शब्द नको असतात, त्यांनी त्याच अध्यायापासून सुरुवात केली आहे. येशू शिष्यांना 'या, न्याहारी करा' म्हणतो, त्यातला 'या' हा त्यांनी पहिला पाठ केला. ग्रीकमध्ये तो 'देउते' असा आहे. मी डबा घेऊन गेलो की ते दोन ताटे मांडतात, मला हाताला धरून बसवतात, आणि भाकरी मोडताना म्हणतात, "देउते." मोठ्याने म्हणतात, जेवायला हाक मारावी तसे. तेव्हा ते माझ्याकडे बघत नसतात. मीही ताटातून मान वर करत नाही.