ऊन दिले

"ऊन दे गं तिला, मग आत घे."

अप्पांनी सुनेला सांगितलं. माझ्यासमोर. मी परत केलेली नोंदवही तिनं दोन बोटांत धरली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवली.

मी उंबऱ्याबाहेर. आठ दिवसांपूर्वी याच घरात मला सोफ्यावर बसवून फिल्टर कॉफी पाजली होती. मधल्या काळात कुणीतरी त्यांना माझं आडनाव सांगितलं होतं.

म्हैसूर भागातली सर्वांत जुनी सार्वजनिक वाचनालयं शोधायचा मला नाद. पार पिरियापट्टणपर्यंत धूळ खात हिंडलो. अप्पांच्या आजोबांनी मंडी मोहल्ल्यात काढलेल्या मराठी वाचनालयाची ही वही हाती आली, तेव्हा मी घरात नाचलो होतो. बायको म्हणाली, "पडाल हो, वय बघा!"

वहीत पुस्तकं नेणाऱ्यांपैकी काहींच्या नावांपुढे शेरा होता: 'खिडकीतून दिले. परत आल्यावर ऊन दिले.' मी पठ्ठ्या खूश! कसर लागू नये म्हणून केवढी काळजी! या वाचनालयांवर मी भाषण देणार होतो, त्यात यावर अख्खा परिच्छेद रंगवला. टाळ्यांची जागासुद्धा ठरवून ठेवली.

शेरा असलेल्या नावांना आडनावं नव्हती. ते दिसलं होतं. कळलं मात्र आता, दगडाकडे बघताना. कसर कसली! विटाळ घालवायला ऊन.

मी शिकवतो त्या शाळेचे अप्पा अध्यक्ष; आजवर मला नुसतं 'सर' म्हणूनच ओळखायचे. त्याच संध्याकाळी कुवेंपुनगरात माझं भाषण, आणि समोर पहिल्या खुर्चीत तेच.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "सर, ते शेऱ्याचं बेडा, नको ते. सुम्ने, आपलं सहज, कसर लागायची म्हणून सांगा. नोकरी आहे, मुलगी शिकते आहे, अल्लवा?"

"हो अप्पा," मी म्हणालो. म्हणालो खरं. भ्यालो होतो.

एरवी मी माइक सोडत नाही. त्या संध्याकाळी त्याला धरूनच उभा होतो. हातातला कागद वाचत गेलो. टाळ्यांची जागा आली. अप्पांनी हात जवळ आणले.

मी कागदाची घडी घातली. मोबाइल काढला. वहीच्या फोटोतून एकेक नाव वाचलं, प्रत्येकापुढचा शेरा वाचला. "आज सकाळी हीच वही माझ्या हातून आली म्हणून उन्हात ठेवली," म्हणालो.

टाळ्या नाहीत. अप्पा उठून गेले. त्यांच्यामागे दोन रांगा.

शाळेचं पत्र अजून आलेलं नाही. दारावरची बेल वाजली की पोस्टमन असेल म्हणून उठतो. येऊ दे. यापुढे ज्या दारात वही मागायला जाईन, तिथे आधी माझं आडनाव सांगेन. आणि जिथे बोलायला उभा राहीन, तिथे आधी ती नावं वाचेन. सगळी. शेऱ्यासकट.