वहिनींचे हललेले फोटो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून नव्हे. माणसं होती, वेळ होता, कितीदा तर शब्दसुद्धा ओठांवर आले होते — आणि मी चहा मागितला.

माझा स्वभाव आधी सांगतो. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. कुणाच्या लग्नाचा अल्बम हातात आला की माझं पहिलं वाक्य — फ्लॅश थेट तोंडावर मारलाय. बारशाचे फोटो दाखवले की — बाळाच्या डोक्यातून पंखा उगवलाय बघा. बँकेतली नोकरी, लग्न केलं नाही, फोटोंचा नाद. उत्तरेतल्या आमच्या शहरात, लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की मलाच विचारत. आणि मी सांगायचो. विचारलं नाही तरी सांगायचो.

असा माणूस स्वतःची चूक मात्र गिळून बसतो. कशी पचते ती? पचत नाही. पण बसतो.

दादा गेल्यानंतरची गोष्ट. दादा माझे थोरले भाऊ. दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरात मग वहिनी आणि मी, दोघंच उरलो. त्यांचा मुलगा समीर बेंगळुरूला. वहिनींच्या हातचं मी लहानपणापासून खात आलो — हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक दिवस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला कॅमेरा घेऊन द्या न. समीर गणपतीला येतोय, छोट्या इराला घेऊन. पण असा वाला पाहिजे की बटन दाबलं आणि झालं." मी कपाळाला आठ्या घातल्या असणार, कारण त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या दादांचा हसतानाचा एकपण फोटो नाही आपल्याकडे. तुमची सेटिंग होईपर्यंत त्यांचं हसून संपून जायचं."

खरं होतं ते. मला झोंबलं, पण खरं होतं. दादांचे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. एकूण एक रेखीव. सगळ्यांत ते वाट बघताहेत.

पाटणकर बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले, दोन्ही खिशात मावणारे. एक लाल — हलका, मोठ्या बटनाचा, चालू करताच तयार. दुसरा काळा — त्याच्या पोटातला सेन्सर मोठा, लेन्स उत्तम, वर आकड्यांची गोल चकती. वहिनींनी लाल उचलला आणि कुणी काही सांगायच्या आत माझा फोटो काढला. तोंड उघडं, भुवया वर, मी दुकानदाराला काहीतरी सुनावतोय. वहिनी खळखळून हसल्या. दुकानदार म्हणाला, "माताजी के लिए तो यही बढ़िया है."

आता बघा — इथे सगळं सरळ होतं. ज्याला वापरायचं त्याच्या हाताला जे जमेल ते घ्यावं, हे शाळकरी पोरालाही कळतं. लाल कॅमेऱ्याच्या फोटोला अंधारात दाणे येतात, कडा वितळतात, रंग भडक होतात. येऊ देत की! चार वर्षांच्या नातीच्या फोटोत आजी दाणे मोजणार आहे का? पण मी दुकानात उभं राहून व्याख्यान दिलं. आपल्या ओळीतली घरं अंधारी, छोट्या सेन्सरला उजेड पुरत नाही, आयुष्यभराची आठवण आहे तर चांगलीच घ्या. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर ठीक आहे." दादांच्या पेन्शनमधून साठवलेले पैसे त्यांनी पर्समधून काढले.

मी तो कॅमेरा कुणासाठी घेत होतो? — हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. विचारायची गरजच नव्हती. काउंटरवर ठेवल्या क्षणी माझा हात काळ्यावर गेला होता. हा वहिनींना झेपणार नाही, चार दिवसांनी माझ्याकडेच येईल, हे मला दुकानाची पायरी उतरताना माहीत होतं. ही अर्धी कबुली झाली. पण नुसती चोरी असती तर मी इतकी वर्षं झुरलो नसतो.

घरी आल्यावर "जरा समजून घेतो" म्हणून तो मी माझ्याकडेच ठेवला. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. आमच्याकडे, आणि आसपासच्या कितीतरी घरांत, शाडूचे जुने मुखवटे आहेत. दर वर्षी रंग उडतो, मग डोळे नव्याने लिहावे लागतात. आखणी म्हणतात त्याला. ती आखणी वहिनी करायच्या. भाद्रपद लागला की पदराखाली झाकून, फडक्यात गुंडाळून बायका मुखवटे घेऊन यायच्या. खिडकीशी पाट मांडून वहिनी बसायच्या. भुवई, पापणी, डोळ्याची कड — तोवर गप्पा चालायच्या, सुनांच्या, सासवांच्या, भाजीच्या भावाच्या. पण बुबुळ ठेवायची वेळ आली की खोलीत सगळे गप्प. वहिनी श्वास धरायच्या, कुंचल्याचं टोक टेकवायच्या, आणि मग सोडलेल्या श्वासाबरोबर म्हणायच्या, "बघायला लागली हं." लहान असताना मला त्या वाक्याची भीती वाटायची.

त्या वर्षी मी समोर डब्यांवर कॅमेरा ठेवून वहिनींचा आखणी करतानाचा फोटो काढला. दाणे नकोत म्हणून शटर बराच वेळ उघडं राहील असं चकतीवर लावलं होतं. असं लावलं की कॅमेरा कशावर तरी टेकवावा लागतो, आणि समोरचं सगळं अगदी स्थिर लागतं. केसभर काही हललं तरी तिथे धूसर पट्टा येतो. फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. कुंचल्याच्या टोकाचा एकेक केस वेगळा दिसत होता. वहिनींच्या नखावरची रंगाची सुकलेली कपची दिसत होती. इतका वेळ शटर उघडं, आणि त्या हाताचं टोकसुद्धा हललेलं नव्हतं. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. कॅमेरा आपलाच, हे त्या दिवशी मनात पक्कं झालं.

समीर आला तशी मी तो वहिनींना दिला. चकती होती तशीच राहिली. तिथवर तो निष्काळजीपणा होता, देवाशपथ. पुढचं नाही.

दोन दिवसांत वहिनी माझ्या खोलीत आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊजी, हे असं का येतंय?" मी पाहिलं. इरा जिन्यात — एक पांढरा धूर. इरा मोदक खाताना — तोंडाच्या जागी पुसलेली पाटी. आरती, झोपाळा, फुगा, सगळं वाहून गेलेलं. कारण मला पहिल्याच फोटोत कळलं. अंगठ्याने चकती 'ऑटो'वर फिरवायची, बस. इरा अजून घरातच होती, खाली तिची धावपळ ऐकू येत होती. सगळं पुन्हा मिळण्यासारखं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, तुमचा हात हलतोय."

का म्हणालो? कॅमेरा परत हवा होता म्हणून. एवढंच. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय.

वहिनींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. "माझा हात?" एखाद्या घरच्या माणसाबद्दल बाहेरून काही कानावर यावं, तसा तो आवाज होता. मी म्हणालो, वयाने होतं थोडं, मनावर घेऊ नका. आणखी काय हवं? दिलासाही मीच दिला! त्यांनी कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्याच हातात शोभतो," म्हणाल्या. इरा गेली. वहिनींनी काढलेला तिचा एकही फोटो नाही.

मला वाटलं, संपलं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात शेजारची बाई मुखवटे घेऊन आली, तर वहिनी दारातच म्हणाल्या, "आता मी नाही करत. हात राहिला नाही माझा. देवीचा डोळा वाकडा झाला तर?" मी आत पेपर वाचत होतो. पेपर डोळ्यांसमोर, आणि अक्षर दिसेना. तेव्हा उठलो असतो तर? त्या वेळी वहिनींचा हात शाबूत होता. मी रोज बघत होतो — सुईत दोरा एका फटक्यात ओवायच्या, पातळ पोळी अख्खी उलटायच्या. पण त्यांना स्वतःला ते दिसेनासं झालं होतं. गरम आमटी वाढायची असली की मला हाक मारायच्या. हळूहळू रांगोळी गेली. बायका यायच्या बंद झाल्या, खिडकीशी गप्पा बंद झाल्या. लोक मथुरेकडून आलेले तयार मुखवटे घेऊ लागले, कुणी पितळेचे. आमचे तेवढे तेच राहिले, आणि वर्षागणिक त्यांची नजर पुसट होत गेली.

आणि या सगळ्याचं वहिनी कौतुक करायच्या! येईल त्याला सांगायच्या — "भाऊजींनी वेळेवर ओळखलं हं. नाहीतर मी तशीच रंगवत राहिले असते." हे ऐकताना माझं काय होत असेल, तुम्हीच सांगा. नका सांगू. मला माहीत आहे.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "मी आखणी करताना कधी फोटो काढला होता का तुम्ही? इरा मागतेय." मी नाही म्हणालो. फोटो वर होता, माझ्या कॉम्प्युटरवर. आजही आहे. दिला असता तर त्यांनी विचारलं असतं — हा कधीचा? आणि मग तारखा जुळल्या असत्या.

आता वहिनी खूप थकल्या आहेत, आणि आता त्यांचा हात खरोखरच थरथरतो. कप बशीवर वाजतो. तो आवाज झाला की मी खोलीतून उठतो.

यंदा इरा आली. चांगली उंच झाली आहे, कॉलेजला जाईल. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते. आजीचे जुने रंग तिने माळ्यावरून काढले, चार दिवस कागदावर डोळे काढत बसली, आजीने दुरून सांगायचं, हिने गिरवायचं. काय हात आहे पोरीचा! थोरल्या महालक्ष्मीचे डोळे तिने लिहिले, बुबुळ ठेवताना सगळे आपोआप गप्प झाले, आणि वहिनी खुर्चीतून म्हणाल्या, "बघायला लागली हं." किती वर्षांनी ऐकलं मी ते.

धाकटी घ्यायच्या आधी इराला माझा काळा कॅमेरा दिसला. हल्ली या पोरांना असल्या जुन्या डबड्यांचं वेड आहे. "छोटे आजोबा, एक फोटो? दादीचा?" तिने उचलला, आजीचा काढला, थोरलीचा काढला, पुन्हा आजीचा. मग कपाळाला आठी. "ये हिल क्यों रहा है यार?"

चकती माझ्या नेहमीच्या जागी होती. मी ती कधीच हलवत नाही.

वहिनींनी कॅमेरा मागून घेतला. थरथरत्या हातात धरून डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा पडला, आणि त्यांनी इराच्या केसांवरून हात फिरवला. "माझे पण असेच यायचे, बेटा. तेव्हाच सुरुवात झाली होती. तुझ्या हातात पण उतरलं वाटतं. भाऊजींना विचार, त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं होतं." मग माझ्याकडे पाहून, "हो न, भाऊजी?"

इराने आपला उजवा हात समोर धरला. अगदी तसाच.

कॅमेरा माझ्या हाताच्या अंतरावर होता. चकती माझ्या अंगठ्याखाली यायला किती वेळ लागला असता?

"हो," मी म्हणालो.

इराने कुंचला पाण्यात बुडवून धुतला, फडक्याला पुसला आणि डबीत ठेवला. धाकटीचे डोळे तसेच राहिले, पुसट, जवळजवळ नसल्यासारखे. संध्याकाळी आरतीला सगळे समोर उभे राहिले. मी धाकटीच्या बाजूला उभा राहिलो.