बखूर फिरेपर्यंत

कॉलेजात मुलींच्या मंडळाची शाखा काढायची, हे खूळ माझंच. कुवेतमधल्याच दुसऱ्या एका कॉलेजात ते मंडळ जोरात चालायचं. नव्या मुलीला तिथे एक थोरली बहीण मिळायची, अभ्यासापासून रडण्यापर्यंत सगळ्याला हक्काची. आमच्याकडे दोन तासांच्या मधे मुली एकेकट्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसायच्या. माझं पहिलं अख्खं वर्ष तसंच गेलं होतं आणि त्याचा राग अजून उतरला नव्हता. मला शाखा हवी होती आणि तिच्यासाठी ग्रंथालयाशेजारची रिकामी खोली.

विद्यार्थी विभागाच्या कुवेती मॅडमनी अट घातली. पहिल्या सभेला हॉल भरलेला दिसला तर खोली आमची, नाहीतर बुद्धिबळवाल्या मुलांची.

पाहुण्यांचं स्वागत म्हणजे आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू, मला तेवढंच ठाऊक. पार लांबच्या अहमदी गावाहूनसुद्धा बायका येतात त्याला. म्हणून मी थाटात दारात उभी राहिले. येणारीवर गुलाबपाणी शिंपडलं, मनगटाला अत्तर लावलं, तिळाची वडी दिली आणि वाण म्हणून छोटासा आरसा. मुली खूश! त्यांना वाटलं, झाला कार्यक्रम. थँक यू म्हणून निघाल्यासुद्धा. मॅडम आल्या तेव्हा हॉलमध्ये मी, रुमैथिया भागात राहणारी माझी कुवेती मैत्रीण आणि रिकाम्या खुर्च्या.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा," मॅडम म्हणाल्या. "शेवटची संधी."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. आई मात्र पोट धरून हसली. "अगं वेडाबाई, हळदीकुंकवाला कोणी बसतं का? बायकांना पुढची चार घरं असतात!"

मैत्रिणीला हे सांगितलं तर तीही हसत सुटली. "आमच्याकडे उलटं. बखूरचा धूर सगळ्यात शेवटी. तो फिरला की उठायचं, त्याआधी उठणं बरं दिसत नाही."

मग काय! दुसऱ्या खेपेला आरसे टेबलाखाली दडवले. सुगंधी लाकडाचा तो बखूर जाळायला मैत्रिणीने आजीची धूपदाणी आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली, न पेटवता. कॉफी फिरली, खजूर फिरले, गप्पांना रंग चढला. पहिल्या वर्षाची एक केरळी मुलगी म्हणाली, कॉलेज सुरू झाल्यापासून आपण इथे कुणाशी धड बोललोच नाही. तिची थोरली बहीण कोण, यावरून लगेच दोघी भांडायला लागल्या. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मॅडम आल्या तर बसायला खुर्ची नाही. एकीने आपली दिली. त्यांनी एक कप कॉफी घेतली, दुसरा घेतला, मग धूपदाणीकडे पाहून हळूच विचारलं, "बखूर कधी? मला मीटिंग आहे."

आईची जीभ माझ्यात आली असावी. "खोली मिळाली की लगेच, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि एकदम हसल्या. पर्समधून किल्ली काढून त्यांनी धूपदाणीशेजारी ठेवली. "आता पेटव."

मैत्रिणीने धूपदाणीत कोळसा पेटवून निखाऱ्यावर बखूर टाकला. धूर आधी मॅडमच्या हिजाबवरून फिरला, मग रांगेने प्रत्येकीच्या केसांवरून. मॅडम उठल्या आणि मीटिंगला गेल्या. बाकी एकही मुलगी जागची हलली नाही.